सार्जंट यॉर्क : एका शेतकरी शिपायाचें चरित्र

शौर्याचें पदक मिळाल्यावर मनुष्य त्या कीर्तीचा उपयोग कशासाठीं करतो, यावरून त्याची खरी पारख होते. या दृष्टीनें अमेरिकेंतील सार्जंट आल्विन यॉर्क याचें चरित्र अभ्यासण्यासारखें आहे.

टेनेसी संस्थानांतील पॉल मॉल या डोंगराळ खेड्यांत १३ डिसेंबर १८८७ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप शेती करी व जोडीला लोहारकाम करी. घर दोन खोल्यांचें आणि भावंडें अकरा. शेतांत हात हवे असत, म्हणून आल्विनला सारें मिळून सुमारें नऊ महिनेच शाळा लाभली. रानांत शिकार करतां करतां त्याचा नेम मात्र अचूक झाला. १९११ सालीं बाप वारला. पुढें कांहीं वर्षें तो दारू व मारामाऱ्या यांच्या नादीं लागला. पण अखेर त्यास पश्चात्ताप झाला, व ख्रिस्ती मंडळींत सामील होऊन त्यानें तीं व्यसनें कायमचीं सोडलीं.

१९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली व यॉर्कला सक्तीच्या भरतीचें बोलावणें आलें. मनुष्यहत्या करूं नये अशी देवाची आज्ञा, आणि शस्त्र घ्यावें अशी सरकारची! त्यानें सूट मागितली. ती नाकारण्यांत आली. छावणींतील त्याच्या वरिष्ठांनीं मात्र त्याची थट्टा केली नाहीं. त्यांनीं शास्त्राच्या आधारें त्याच्याशीं चर्चा केली, व विचार करण्यास घरीं जाण्याची रजा दिली. आपल्या डोंगरावर प्रार्थना करून तो परतला, तो मनाचा निश्चय करूनच.

८ ऑक्टोबर १९१८ रोजीं फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यांत सतरा जणांची एक तुकडी जर्मनांच्या पिछाडीस शिरली. एकाएकीं मशीनगनांचा मारा सुरू होऊन सहा जण ठार व तीन जखमी झाले. तेव्हां कॉर्पोरल असलेला यॉर्क पुढें झाला. बंदुकीनें व पिस्तुलानें त्यानें तो मारा बंद पाडला. जर्मन अधिकारी शरण येतांच त्यानें गोळीबार थांबविला, व उरलेल्या सोबत्यांसह १३२ कैदी सुखरूप आणले. या कृत्याबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हें त्याच्या देशाचें सर्वोच्च लष्करी पदक मिळालें. पण त्यास त्या हत्येचा अभिमान वाटला नाहीं. सोबत्यांचे प्राण वांचावे म्हणून तें करावें लागलें, असें तो सांगे.

१९१९ सालीं तो मायदेशीं आला, तेव्हां नाटक-सिनेमावाले व व्यापारी यांनीं त्याच्यापुढें पैशाच्या राशी ओतल्या. लष्करी पोशाखाचा बाजार मांडणें त्यास रुचलें नाहीं, म्हणून तो आपल्या शेताकडे गेला. मात्र बाहेरचें जग पाहिल्यामुळें आपलें अज्ञान त्यास बोंचूं लागलें होतें. आपल्यासारखीं डोंगरांतील दुसरीं मुलें निरक्षर राहूं नयेत म्हणून तो व्याख्यानें देत, वर्गणी गोळा करीत हिंडला. १९२६ सालीं जेम्सटाउन येथें त्याची शाळा स्थापन झाली. मुलांना गाडीनें ने-आण करण्याच्या खर्चासाठीं त्यानें स्वतःचें शेतही गहाण टाकलें. २ सप्टेंबर १९६४ रोजीं तो वारला. शाळा आजही चालू आहे.

पालकहो, सुगीच्या दिवसांत मुलाला शाळेंतून काढावें असें मनांत येईल, तेव्हां या शेतकऱ्याची आठवण करा. आणि मुलांनो, ज्याला नऊ महिने शाळा मिळाली, त्यानें इतरांसाठीं शाळा उभारली. तुम्हांस तर वर्षानुवर्षें शाळा लाभली आहे. तुम्ही इतरांसाठीं काय उभारणार?