मीठ, साखर आणि पाणी

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. एका बाजूस कोकणात उतरणारा खोल घाट, तर दुसऱ्या बाजूस भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि जुनी देवराई, असा तेथील देखावा आहे. घोड नदीचा उगम याच परिसरात होतो. पुढे डिंभे येथील धरणात अडणारी आणि घोडेगाव, शिरूर ही गावे मागे टाकून भीमेस मिळणारी ही नदी येथे लहानशा ओहोळाएवढी असते. आषाढ-श्रावणात या माथ्यावर पाऊस नुसता कोसळतो. परंतु ते पाणी कातळावरून धावत खाली निघून जाते. मग चैत्र-वैशाखात डोंगरमाथ्यावरील वाड्यावस्त्यांना झऱ्यांच्या आणि विहिरींच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागतात.

डोंगरातील झऱ्याचे पाणी पाहिले म्हणजे त्याच्याविषयी शंका घ्यावी असे कोणास वाटत नाही. तळचा खडा स्पष्ट दिसतो, पाणी जिभेला गोड लागते. परंतु नितळ पाणी निराळे आणि निर्जंतुक पाणी निराळे. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की उघड्यावरील घाण पाण्याबरोबर वाहू लागते आणि उताराने विहिरीत किंवा झऱ्यात उतरते. काही दिवसांत माती तळाशी बसते, पाणी पुन्हा नितळ दिसू लागते. जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच पावसाळ्याच्या आरंभी अनेक गावांत जुलाब आणि वांत्या यांनी मुले बेजार होतात.

या विकारांतील सर्वांत भयंकर विकार म्हणजे पटकी. पूर्वी महाराष्ट्रात पटकीची साथ आली की गावेच्या गावे ओस पडत. पंढरपूरच्या यात्रेतही ती वारंवार पसरे. रोगाचे कारण ठाऊक नसल्यामुळे लोक मरीआईस शरण जात आणि तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन पोचवीत. त्या लोकांना हसण्याचे कारण नाही. रोग बाहेरून येतो आणि त्यास गावाबाहेर ठेवले पाहिजे, एवढे त्यांनी बरोबर ओळखले होते. तो कोणत्या वाटेने येतो, ते मात्र त्यांना कळले नव्हते.

ती वाट शोधण्यासाठी रॉबर्ट कॉक हा जर्मन शास्त्रज्ञ १८८३ साली प्रथम इजिप्तमध्ये आणि नंतर कोलकात्यास आला. रोग्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचे बारीक जंतू आढळले. १८८४ साली तेच जंतू कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात त्याला सापडले आणि त्या तळ्याचे पाणी पिणाऱ्या वस्तीत पटकी होती. पुढे १८९७ साली कियोशी शिगा या जपानी वैद्यकशास्त्रज्ञाने रक्ती आव उत्पन्न करणारा जंतू शोधून काढला. हा जंतू फार चिवट आहे. पटकी होण्यासाठी बहुधा असंख्य जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातील आम्ल त्यांतील पुष्कळांना मारून टाकते; परंतु शिगाचे दहा ते शंभर जंतूही रोग उत्पन्न करण्यास पुरेसे होतात. एवढे जंतू तर नखाच्या कोपऱ्यातही सहज मावतात.

पटकीचा जंतू मनुष्याला मारतो तरी कसा? तो रक्तात शिरत असावा, असे पुष्कळ वर्षे अनेकांना वाटे. १९५९ साली कोलकात्याचे डॉक्टर शंभुनाथ दे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवून दिले की, हा जंतू आतड्यातच राहतो आणि तेथे एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याची भिंत शरीरातील पाणी व क्षार आत ओतू लागते. कडक पटकीत प्रौढ माणसाच्या शरीरातून एका तासात लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते. लहान मुलाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असतो आणि त्याचा साठा मुळातच थोडा. त्यामुळे डोळे खोल जातात, तोंड सुकते, रडताना आसवे येत नाहीत, लघवी कमी होते आणि मूल मलूल पडते. मूल दगावते ते बहुधा या शोषामुळे.

येथेच एक जुनी समजूत घातक ठरते. जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतील, असे समजून पुष्कळ घरांत मुलाचे पाणी तोडले जात असे. घागर फुटली म्हणून तिच्यात पाणी भरणेच थांबवावे, तसा हा प्रकार! मात्र नुसते साधे पाणीही पुरेसे होत नाही, कारण त्यातून गेलेले क्षार भरून येत नाहीत. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने असे सुचवले की, आतड्याच्या भिंतीतून साखर आणि मिठातील सोडियम हे जोडीने आत जातात. हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. ही जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणीही जाते. पटकीचे विष पाणी बाहेर ओतत असतानासुद्धा ही वाट खुली राहते.

या ज्ञानाची मोठी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. रुग्णालयाची जमीन रोग्यांनी भरून गेली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या, त्यांचे पाणी पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातलगांनाच ते पाजावयास सांगितले. ज्यांची स्थिती फारच बिकट होती, त्यांच्यासाठी सलाईन राखून ठेवले. आरंभी शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते. या उपायानंतर ते प्रमाण चारांच्याही खाली आले. पेला हाती घेऊन बसलेल्या आया आणि भावंडे यांनी हे काम केले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आज हीच पुडी जलसंजीवनी या नावाने आरोग्यकेंद्रात आणि आशा स्वयंसेविकेजवळ मिळते. ती जवळ नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावे. माप चुकता कामा नये. मीठ अधिक झाले तर ते बाधते, साखर अधिक झाली तर जुलाब वाढतात. हे पाणी घोटघोट पाजावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. भाताची मीठ घातलेली पेज, ताक, वरणाचे पाणी हेही चालते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तर मुळीच तोडू नये. शौचातून रक्त पडू लागले, मूल गुंगीत गेले किंवा पाणी पोटात ठरेनासे झाले, तर दवाखाना गाठलाच पाहिजे. आहुप्यासारख्या गावाहून घोडेगावचा रस्ता लांबचा आणि वळणावळणांचा. म्हणून वाटेतही पाजणे चालू ठेवावे. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण कराव्यात.

विषमज्वराचा जंतू मात्र निराळा. तो आतड्यातून रक्तात शिरतो आणि ताप आणतो. तेथे डॉक्टरांच्या औषधावाचून भागत नाही. त्यावर आता लसही आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम सुरू केली.

या सर्व जंतूंची वाट मात्र बहुतेक एकच आहे: शौचातून पाण्यात, हातावर अथवा माशीच्या पायांवर आणि तेथून तोंडात. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुतले की ही वाट बरीचशी बंद होते. माठात हात बुडवून पेला भरण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरले, तर घरात आणलेले चांगले पाणी घरातच बिघडत नाही. पावसाळ्यात पाणी खळखळून उकळावे. सार्वजनिक विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. तिच्या वासामुळे कित्येकजण नाक मुरडतात आणि पुन्हा झऱ्याकडे वळतात. वस्तुतः तो मंद वास पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खूण होय. पावडर टाकल्यानंतर अर्धा तास तरी ते पाणी शेंदू नये. जंतू मरण्यास तेवढा अवधी लागतो.