डंकावरून उठू नका

मालवणी मसाल्यात लसूण नसते. आमच्या घरच्या मसाल्यात तर नाहीच नाही. लसूण पडते ती वाटपात. हे ज्याला माहीत नाही त्याने कांडपाचा धंदा करू नये. आणि माहीत असूनही जो गिऱ्हाइकालाच ‘साहेब, तुमच्या नाकात बिघाड आहे’ म्हणतो, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. पण मी बोलणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात घरोघरचे लोक पुन्हा मिरच्यांच्या पिशव्या घेऊन डंकासमोर रांग लावतील, त्यातल्या चार जणांचा तरी मसाला वाचावा.

मी कणकवलीकडचा, ही सासवडची. सुटीच्या दिवशी सिनेमाला जाणारी जोडपी असतात, तसे आम्ही भाजीबाजारात जाणारे. उन्हाळ्यात आंबोशी आणि आमसुलं, पावसाच्या तोंडावर शेवळं (सोबत काकडं मिळाली तरच, नाहीतर घसा खाजून जीव जातो), पाऊस लागला की टाकळा, थंडीत हिच्या माहेरचा येसर. पण घरातला मोठा सण म्हणजे मे महिन्यातला वर्षाचा मसाला, आईच्या पद्धतीचा. आईकडे माप नावाची गोष्ट नाही. ‘दगडफूल दोन मुठी’ म्हणजे कोणाच्या मुठी? हिने एका सुटीत आईला ओट्याशी बसवलं, एकेक जिन्नस मुठीत घ्यायला लावला आणि प्रत्येक मूठ काट्यावर रिकामी केली. दगडफूल, नागकेशर, बडीशेप, शहाजिरं, चक्रीफूल, जायपत्री, सगळ्यांचे ग्रॅम वहीत उतरवले. आई म्हणाली, ‘‘सोनाराकडे बसलंय काय मी?’’

त्या वर्षी दीड किलो बेडगी आणि अर्धा किलो शंकेश्वरी घेतली. बेडगी ही मूळची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा, साल सुरकुतलेली. तिखटाची बाजू शंकेश्वरी सांभाळते. मिरच्या हिने गच्चीवर वाळवल्या, कबुतरं हाकत बसली, देठ काढून काढून तिच्या बोटांची रात्रभर आग होत होती. मसाले मी भाजले, कोरडेच. आईच्या मसाल्यात खोबरं नाही आणि तेलाचा थेंबही नाही, ही गोष्ट पुढे लागणार आहे. सगळं मिळून 2 किलो 640 ग्रॅम भरलं. ते मी कालनिर्णयवर मे महिन्याच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवलं. मला सवय आहे. त्या सवयीवर घरात सगळे हसतात. आता हसत नाहीत.

डंकावर पोचलो तेव्हा लाइट गेलेली. मालक म्हणाला, ‘‘इथं उन्हात कशाला बसता? डबा ठेवा, चार वाजता या. नाव लिहितो ना.’’ झाकणावर खडूने आडनाव लिहिलं. शेजारी तसलेच स्टीलचे डबे ओळीने मांडलेले. चारला गेलो तर डबा तयार, झाकण गच्च, अजून कोमट. काट्यावर 2 किलो 910 ग्रॅम. त्या वजनावर पैसे घेतले. ही म्हणाली, ‘‘अहो, हे जास्त कसं भरलं?’’ तर तो म्हणतो, ‘‘ताई, कुटलेला माल फुगतो.’’

फुगतो, पण आकाराने. वजनाने कसा फुगेल? कांडपात माल उडतो, उखळाला चिकटतो, चाळणीत राहतो. त्याला घट म्हणतात आणि ती थोडी का होईना, येतेच. आमची मात्र घट जाऊन वाढ आली होती. पण मागे खकाण्याने शिंकणारी रांग उभी होती आणि हा पुढच्याला ‘चला चला’ करत होता. पावती मागितली तर ‘कांडपाला कसली पावती!’

आई तेव्हा गावी होती. आम्ही दोघं बांगड्याच्या तिखल्यात, कोंबडीच्या रश्श्यात तोच मसाला वापरत होतो. रंग यावा तसा येत नव्हता. पण त्या वाटपात कांदा-लसूण असतेच, म्हणजे मसाल्यातली लसूण कोणाला कळणार?

आषाढ सरताना आई आली. श्रावणात ती कांदा-लसूण खात नाही. पहिल्या सोमवारी हिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, नुसत्या भाजक्या खोबऱ्याच्या वाटपाचं, आणि आंबोळ्या. आईने आंबोळीचा तुकडा सांबाऱ्यात बुडवला, तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात ठेवला.

‘‘ह्यात लसूण आसा.’’

‘‘नाही घातलेली, आई,’’ ही म्हणाली. हिचा चेहरा मला अजून आठवतो. सोवळ्याओवळ्यावरून सुनेवर आळ आल्यासारखी उभी होती.

आईने बरणी मागितली. बोटाने चिमूट घेतली, हुंगली. ‘‘ह्यो आपलो मसालो नाय.’’ आणि हात धुवायला उठली.

हिने मग चमचाभर मसाला वर्तमानपत्रावर पसरला. आमच्या मसाल्यात दगडफुलाचे काळपट तंतू दिसतात, कितीही बारीक कुटलं तरी. इथे एकही नव्हता. उलट लसणीच्या सालीचा कागदासारखा पातळ, फिकट तुकडा सापडला. थोड्या वेळाने मसाला झटकला तर कागदावर तेलाचा गोल डाग. खोबरं! अंतूबर्व्यासारखा बोलका नसलो तरी मी कोकणी आहे, खोबऱ्याचा डाग मला ओळखता येतो. तो सरळसरळ कोणाचातरी कांदा-लसूण मसाला होता. आमची बेडगी, आमचं नागकेशर, हिची गच्चीवरची दुपार भलत्याच्याच घरी गेली होती. मी कॅलेंडरचं पान मागे उलटलं. 2 किलो 640.

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो, कागद आणि बरणी घेऊन. पहिलं उत्तर: ‘‘आधीच्या घाण्याचा वास लागला असेल.’’ दुसरं: ‘‘इतक्या दिवसांनी येता, तुमच्याच घरी मिसळ झाली असेल.’’ तिसरं ते नाकाचं. ही शांतपणे म्हणाली, ‘‘आमचा मसाला कोणाकडे गेला तेवढं सांगा. ते लोकही फसलेत.’’ त्यावर तो हसून पोऱ्याकडे बघत म्हणाला, ‘‘कोणाची तक्रार आली नाही ताई, म्हणजे आवडला असेल.’’

हे वाक्य मला रात्री झोपेतही ऐकू येतं. पुढच्या वर्षी अर्ध्या रेटने कुटून देण्याचा उदारपणाही त्याने दाखवला. शेजारच्या काउंटरवर तोच माणूस ‘घरगुती मालवणी मसाला’ पाकिटातून विकतो. तो कसा बनतो याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

तेव्हा, लोकहो, डबा ठेवून जाऊ नका. लाइट गेली तर डबा घेऊन घरी जा. लाइट येते, मसाला येत नाही. सुटी टाका, पुस्तक न्या, नाकाला रुमाल बांधा, पण आपली मिरची उखळात पडताना आणि चाळणीतून उतरताना समोर बसा. आपल्या आधी कोणता मसाला कुटला ते विचारा. कांदा-लसूण असेल तर मूठभर तांदूळ किंवा धणे आपल्याकडचे देऊन आधी ते कुटून घ्यायला सांगा आणि टाकून द्या. मालक कटकट करेल, करू द्या.

वजन जाताना आणि येताना दोन्ही वेळा करा, आणि ते जागेवरच मोठ्याने बोलून दाखवा. थोडं कमी आलं तर काळजी नको. जास्त आलं तर मात्र डबा उघडूनच घरी जा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते, तिची खूण काट्यावर दिसली पाहिजे. झाकणावर नाव खडूने लिहून घेऊ नका, हाताला लागलं की पुसतं. डब्याच्या बुडाशीही ऑइलपेंटने लिहा.

आणखी एक, ही हिची युक्ती: भाजलेल्या सगळ्या मिश्रणातून वाटीभर घरीच मागे ठेवा, मिक्सरवर फिरवून छोट्या बाटलीत भरा. डंकावरून आलेला मसाला तिच्याशेजारी ठेवून हुंगला की शंकेला जागा राहत नाही.

पाण्यावर तिखट टाकून रंगाचे ओघळ उतरतात का बघा, विटेची भुकटी तळाशी बसते का बघा, असे सल्ले फिरत असतात. बाजारचं सुटं तिखट तपासायला ते ठीक आहेत. आमच्या मसाल्यात भेसळ नव्हतीच, मसालाच दुसऱ्याचा होता. तिथे ग्लासभर पाणी काय करणार?

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. पण हातात कागद लागतो. पावती देत नसेल तर पैसे निदान मोबाइलवरून द्या, तारीख आणि रक्कम तरी राहते. आम्ही रोख दिले होते, कारण त्याचा क्यूआर कोड त्या दिवशी ‘चालत नव्हता’. आता आठवलं की तेही संशयास्पदच वाटतं.

यंदा आम्ही लांबच्या एका डंकावर गेलो, बाई चालवतात. नंबर पहाटे लावावा लागतो आणि बसायला एकच स्टूल आहे. पण त्या स्वतःच विचारतात, ‘‘लसणीचा की बिनलसणीचा?’’ आणि दोन्हींचे वार वेगळे ठेवतात. बिनलसणीचा वार त्यांना आधी फोन करून विचारून घ्यावा लागतो. मसाला उतरला की लगेच झाकण लावू देत नाहीत, परातीत पसरून गार झाल्यावरच भरू देतात. गरम भरला तर आत वाफ धरते आणि पावसाळ्यात जाळी लागते. बरणीत भरताना तळाशी, मध्ये आणि वर हिंगाचे खडे ठेवा.