मानवशास्त्राची ओळख : देह, भाषा आणि संस्कृती

मानवशास्त्र म्हणजे डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या लोकांच्या चालीरीतींची नोंद, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः माणसाला जन्माने काय मिळते आणि समाजात वाढताना तो काय शिकतो, याची उकल करणारे हे शास्त्र आहे. शाळा, ग्रामपंचायत व शासकीय कचेरी येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला हा भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मूळ एकच

इथिओपियातील हादार येथे १९७४ साली ‘ल्युसी’ या नावाने प्रसिद्ध झालेला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. ल्युसीचा मेंदू लहान होता. ती मात्र दोन पायांवर चालत असे. ताठ चालणे आधी आले आणि मोठा मेंदू फार नंतर, हे त्यावरून स्पष्ट झाले. आजच्या स्वरूपाचा मानव सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत उदयास आला व तेथून जगभर पसरला. आज पृथ्वीवरील सर्व माणसे याच एका मानवजातीची होत.

कवटीची साक्ष

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील काही विद्वान शरीराच्या मोजमापांवरून वंशांची उच्चनीचता ठरवू पाहत होते. त्या काळात इरावती कर्वे बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक वंशानुसार बदलतो, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. धारणेला आधार मिळाला नाही आणि तसाच निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले.

भाषा : शिकलेला वारसा

बोलण्याची क्षमता जन्मजात असते. भाषा मात्र भोवतीच्या माणसांकडून मिळते. मराठी घरातील तान्हे मूल कोरकू घरात वाढले, तर ते सहज कोरकू बोलेल. महाराष्ट्रात अनेक भाषाकुळे नांदतात. मराठी इंडो-आर्य कुळातील, गोंडी व कोलामी द्राविड कुळातील, तर मेळघाटातील कोरकू मुंडा शाखेतील आहे. बुलढाणा जिल्ह्यात काही वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या निहालीचे नाते तर कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही.

या भाषा ‘अपुऱ्या’ आहेत, हा ग्रह निराधार होय. संस्कृतातील द्विवचन मराठीत लोपले; कोरकूत मात्र एकवचन, द्विवचन व अनेकवचन ही तिन्ही आजही आहेत. ‘कोरकू’ हे नावच माणूस या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे.

व्यवहारातील बोध

पहिलीच्या वर्गात गप्प बसणारे कोरकू मूल मंदबुद्धीचे नसते. घरी त्याने एक संपूर्ण व्याकरण आत्मसात केलेले असते. शाळेत त्याच्यापुढे दुसरे येते, एवढाच फरक. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो समाविष्ट झाला.

शिक्षकाने मुलांच्या भाषेतील शंभर शब्द शिकून घेतले, ग्रामसभेत योजनेची माहिती स्थानिक बोलीतही सांगितली गेली आणि अर्ज घेणाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे समजेपर्यंत धीर धरला, तर या अनुच्छेदामागील हेतू वस्तीपर्यंत पोहोचेल. भाषा वेगळी म्हणून बुद्धी कमी ठरत नाही, ही मानवशास्त्राची पहिली शिकवण होय.