बटाट्याची बांगडी : बियाण्याआधी जमीन पाहा

गावाकडे चार-दोन गुंठे भाजीची जमीन असलेल्या आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी बटाटा लावण्यापूर्वी एक हिशेब करावा : या वाफ्यात मागे काय होते? वांगी, टोमॅटो, मिरची ही बटाट्याचीच भावंडे. त्यांचा मर रोग मातीत राहतो व बटाट्याला धरतो. हिरवेगार झाड अचानक मान टाकते. बटाटा कापला की आत तपकिरी कडे दिसते, म्हणून पुणे जिल्ह्यात या रोगाला बांगडी म्हणतात. फवारणीने ती जात नाही, दुकानदार काहीही सांगो!

ओळख सोपी आहे. कोमेजलेल्या झाडाचा बुंध्याकडील तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. थोड्याच वेळात दुधासारखे धागे खाली उतरतात. अशा वाफ्यात दोन-तीन वर्षे मका, ज्वारी, गहू, कांदा किंवा लसूण घ्यावा, आणि तेथील पाणी शेजारच्या वाफ्यात जाऊ देऊ नये.

थान उलगडल्याशिवाय आम्ही कापड घेत नाही. पण बटाटा वरून निरोगी दिसला तरी आत रोग असू शकतो, म्हणून खाण्याच्या मालातून बियाणे न काढता प्रमाणित बियाणेच घ्यावे. रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शक्यतो लहान अख्खे बटाटे लावावेत. कापताना एकाचा रोग विळीवरून दुसऱ्याला जातो.