‘सगळं मीच करते’ म्हणू नका



डिमोनाला राहणारी माझी थोरली बहीण ८४ वर्षांची. तिच्यासाठी आम्ही बितुआह लेउमीकडे सिऊदचा, म्हणजे घरी मदतनीस मिळण्याचा अर्ज केला. तपासणीला बाई येणार म्हणून मी सकाळीच ताईला आंघोळ घातली, वेणी घातली, ठेवणीतली साडी नेसवली. बाईने विचारले, “आंघोळ स्वतः करता?” ताई म्हणाली, “हो, सगळं मीच करते.” पाहुण्यांपुढे गाऱ्हाणे गायचे नाही, हे आपल्याकडचे वळण. इतकी वर्षे नर्सिंग करूनही मी गप्प बसले. अर्ज नामंजूर झाला. चूक आमचीच होती. दोन महिन्यांनी ताई न्हाणीत पडली आणि तिचे मनगट मोडले.

तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून थोडी माहिती देते.

हा विमा १९८८ पासून चालू आहे. निवृत्तीचे वय झालेल्या आणि स्वतःच्या घरी राहणाऱ्या माणसाला तो मिळतो. उत्पन्नही पाहतात. आजाराचे नुसते नाव सांगून भागत नाही. कपडे घालणे, आंघोळ, जेवण, घरात चालणे-फिरणे आणि शौच-लघवी यांत दुसऱ्याचा हात किती लागतो, यावर गुण मिळतात. विसरभोळेपणामुळे माणसाला एकटे ठेवता येत नसेल, तर तेही धरतात. मदतीच्या सहा पायऱ्या आहेत. पहिलीला आठवड्याला साडेपाच तास, तर सहावीला ३० तास मिळू शकतात.

आज हा लाभ घेणारे तीन लाखांहून अधिक आहेत. म्हातारी माणसे वाढली, पण मेतापेलेत तितक्या वाढल्या नाहीत. तास मंजूर झाले तरी बाई मिळेपर्यंत थांबावे लागते. म्हणून पडझड होईपर्यंत वाट पाहू नका. काही तासांच्या बदल्यात दिवसाचे केंद्र, धोक्याची घंटा किंवा डायपरही घेता येतात. केंद्रात थोडे कर्मचारी पुष्कळांना सांभाळतात आणि म्हाताऱ्यांना सोबतही मिळते.

तपासणीआधी एवढे करा:

१. आठवडाभर वहीत लिहा: कोणत्या कामाला कोणी हात दिला, रात्री कितीदा उठवले, कधी तोल गेला.
२. कुपत होलिमची कागदपत्रे आणि औषधांची यादी जवळ ठेवा.
३. रोज मदत करणाऱ्या माणसाने तपासणीच्या वेळी हजर राहावे आणि खरे तेच सांगावे. वाढवूनही सांगू नये.
४. नकार आला तर अपील करता येते. तब्येत खालावली तर नवा अर्ज करता येतो.

दुसऱ्या खेपेला ताई घरच्याच गाऊनमध्ये बसली होती. तोच प्रश्न आला. ती जरा थांबली, माझ्याकडे पाहून म्हणाली, “धाकटी घालते आंघोळ. तिचेही गुडघे दुखतात.”

आता मेतापेलेत येते. ताई तिला चहा करायला शिकवते आहे. हा विमा आपल्याच पगारातून भरलेला आहे. त्यातून हात मागायला लाज कसली?