जुन्या उपकरणांची केबल : मानकीकरणाचे अर्थशास्त्र

टॅब्लेट किंवा मोबाइल संच अडगळीत जाण्याची कारणे शोधू लागल्यास एक विसंगती ध्यानात येते. अनेकदा पडदा सुस्थितीत असतो, बॅटरीचेही आयुष्य शिल्लक असते; मात्र वीज पुरवणारी केबल तुटलेली असते आणि तशी केबल बाजारात सहज मिळत नाही. काही हजार रुपयांच्या टिकाऊ वस्तूचे आयुष्य शे-दोनशे रुपयांच्या पूरक वस्तूवर अवलंबून राहते. पाठ्यपुस्तकांत पूरक वस्तूंचे उदाहरण म्हणून चहा व साखर ही जोडी दिली जाते. परंतु साखर कोणत्याही दुकानातील चालते. केबल मात्र त्या विशिष्ट खाचेत बसणारीच लागते.

नोकियाची जाड पिन व बारीक पिन ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा प्रश्न नव्याने सांगण्याची गरज नाही. ॲपल कंपनीने २००३ साली आयपॉडसाठी ३० पिनांचा जोड आणला; २०१० चा पहिला आयपॅड व पुढील दोन आयपॅड त्यावरच चालत. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याची जागा ‘लाइटनिंग’ने घेतली व सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनवर ‘यूएसबी टाइप-सी’ आले. सॅमसंगच्या २०१० मधील गॅलेक्सी टॅबचा जोडही ३० पिनांचाच, दिसायलाही सारखा. पण एकाची केबल दुसऱ्यास चालत नसे.

अशा परिस्थितीस अर्थशास्त्रात ‘लॉक-इन’ म्हणतात. ग्राहकाने एकदा विशिष्ट जोडाचे उपकरण, चार्जर व अन्य साहित्य घेतले की दुसरीकडे वळण्याचा खर्च वाढतो आणि विक्रेत्यास सुट्या साहित्याच्या बाजारात मक्तेदारीसदृश सामर्थ्य मिळते. उलटपक्षी, एकच जोड जितके अधिक लोक वापरतील तितका तो प्रत्येकास अधिक उपयुक्त ठरतो. या ‘नेटवर्क बाह्यते’चे विवेचन मायकेल कॅट्झ व कार्ल शपिरो यांनी १९८५ साली केले. भारतीय रेल्वेचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे. मीटरमापी गाडीतून उतरून मनमाडला ब्रॉडगेज गाडी पकडणाऱ्या मराठवाड्यातील प्रवाशाला बाह्यतेचा सिद्धान्त ठाऊक नसेल, पण तिची किंमत तो मोजत होता. एकमापीकरणाचा प्रकल्प १९९२ मध्ये हाती घेतल्यावर हा भार क्रमाने कमी झाला.

दुरुस्तीच्या बाजारातील ‘लिंबे’

जुना जोड बंद झाला की मूळ उत्पादक त्याच्या केबल्सचे उत्पादन घटवतो आणि बाजार अन्य निर्मात्यांच्या हाती जातो. येथे जॉर्ज अकेरलॉफ यांच्या १९७० मधील ‘लिंबांचा बाजार’ या निबंधाची आठवण होते. अकेरलॉफ यांचा मुद्दा असा की गुणवत्ता विक्रेत्यास ठाऊक असते, ग्राहकास नसते. म्हणून ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून हटतो.

केबलच्या बाबतीत हे अज्ञान अक्षरशः प्लॅस्टिकखाली दडलेले असते. अमेरिकी मापाची २४ क्रमांकाची तांब्याची तार २८ क्रमांकाच्या तारेपेक्षा सुमारे अडीचपट जाड छेदाची असते. एक मीटर केबलमध्ये विजेचा जाण्यायेण्याचा मार्ग दोन मीटरचा होतो. २ अँपिअर प्रवाह वाहिल्यास २८ क्रमांकाच्या तारेत सुमारे ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात, तर २४ क्रमांकाच्या तारेत सुमारे ०.३४ व्होल्ट. पुरवठा मुळात ५ व्होल्टचा. म्हणजे स्वस्त केबलच्या टोकाशी जेमतेम ४.१५ व्होल्ट पोहोचतात. पहिल्या आयपॅडचा चार्जर १० वॅटचा होता. संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून मात्र २.५ वॅटच मिळत. अशा उपकरणास बारीक केबल जोडल्यास ते रात्रभरातही भरत नाही. काही केबल्समध्ये माहितीवहनाच्या दोन तारा गाळलेल्याच असतात. त्यामुळे चार्जरची क्षमता न कळल्याने उपकरण अत्यल्प प्रवाह घेते.

याचा परिणाम असा की दोष केबलचा असतो आणि निदान बॅटरीचे होते. प्रस्तुत लेखकाच्या घरातील एक टॅब्लेट तीन केबल्सनंतर ‘बॅटरी गेली’ म्हणून कपाटात पडला होता. चौथ्या, जाड केबलने तो चालू झाला. केबलमध्ये वाचवलेल्या चार पैशांच्या तांब्यापायी सबंध टॅब्लेट कचऱ्यात जातो, तेव्हा त्या कचऱ्याचा खर्च ना विक्रेता उचलतो, ना ग्राहक. ही नकारात्मक बाह्यता होय.

मानक कोणासाठी?

चीनने २००६ साली मोबाइल चार्जरसाठी राष्ट्रीय मानक काढले. युरोपात २००९ मध्ये प्रमुख उत्पादकांनी स्वेच्छा-करार केला. पण त्यात पळवाटा राहिल्या. अखेर युरोपीय संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा संमत केला. त्यानुसार फोन व टॅब्लेटसाठी टाइप-सी २८ डिसेंबर २०२४ पासून अनिवार्य झाले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये संबंधितांची बैठक घेतली. तीत स्मार्टफोन, टॅब्लेट व लॅपटॉपसाठी टाइप-सीवर सहमती झाली, साध्या फोनसाठी वेगळा जोड शक्य मानला गेला. भारतीय मानक ब्युरोचे संबंधित मानक आय.एस./आय.ई.सी. ६२६८०-१-३ : २०२२ हे होय. परीक्षार्थींनी येथे एक भेद जाणून घ्यावा : मानक प्रसिद्ध होणे व ते अनिवार्य होणे या स्वतंत्र गोष्टी आहेत. अनिवार्यतेसाठी भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ च्या कलम १६ अन्वये केंद्र सरकारचा आदेश लागतो.

परंतु हे सर्व उपाय ‘प्रवाहा’चे आहेत, ‘साठ्या’चे नव्हेत. युरोपीय कायदा नव्याने बाजारात येणाऱ्या उपकरणांस लागू होतो. घरोघरी असलेल्या जुन्या उपकरणांस नाही. उलट नवे मानक रुजू लागते तशी जुन्या केबलची मागणी विरळ होते, उत्पादन किफायतशीर राहत नाही आणि उरलेल्या ग्राहकांच्या वाट्याला अधिकच निकृष्ट माल येतो. मानकीकरणाचा लाभ समाजास मिळतो, संक्रमणाचा खर्च मात्र जुनी वस्तू जपून वापरणाऱ्यास, बहुधा अल्प उत्पन्न गटास, सोसावा लागतो. लेखकाच्या मते आपल्या धोरणचर्चेत हा मुद्दा पुरेसा आलेला नाही.

त्यासाठी साधने नाहीत असे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार बंदिस्त ठेवल्याबद्दल १४ कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. वस्तू विकल्यानंतरचा बाजार ही स्वतंत्र बाजारपेठ असते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ संकेतस्थळ सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे आहेत : प्रथम ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के व २०२७-२८ पासून ८० टक्के. उपकरण नूतनीकरण करून पुन्हा वापरात आणल्यास उत्पादकाची ही जबाबदारी पुढे ढकलण्याची तरतूदही तेथे आहे. बंद पडलेल्या जोडाची प्रमाणित केबल ठराविक वर्षे उपलब्ध ठेवणाऱ्या उत्पादकास अशीच सवलत द्यावयाची की त्यावर तसे बंधनच घालावयाचे, हा यापुढील प्रश्न आहे. केबलवर तारेची जाडी छापणे सक्तीचे केले, तर त्यास यापैकी कशाचीही वाट पाहावी लागणार नाही.