मंद वाऱ्यातले काइटसर्फिंग : वर्गाचा नियम आणि खिशाचे गणित

विद्यार्थी मित्रांनो, संक्रांतीला पतंग उडवताना वारा पडला की काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. कितीही ढील द्या, कितीही ठुमके मारा, पतंग खाली येतो. आता कल्पना करा, त्या पतंगाने तुम्हालाच पाण्यावरून ओढत न्यायचे आहे! या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस आणि वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला मोठा पतंग. वारा जोरात असेल तर साधे सामान पुरते. वारा मंद असेल तर मात्र खर्च वाढतो. तो का आणि किती वाढतो, हे आज आपण पाहू.

१. वाऱ्याचा वेग आणि ओढ

पतंगाला मिळणारी ओढ दोन गोष्टींवर ठरते : पतंगाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट केले तर ओढ दुप्पट होते. पण वेगाचा नियम वेगळा आहे. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. समुद्रावर वारा नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. समजा, १६ नॉट वाऱ्यात तुम्हाला १० चौरस मीटरचा पतंग पुरतो. वारा निम्मा, म्हणजे ८ नॉट झाला, तर ओढ निम्मी नाही, पाव होते. तेवढीच ओढ हवी तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे ४० चौरस मीटर लागेल.

एवढा पतंग कोणी वापरत नाही. पतंग मोठा झाला की जड होतो, सावकाश वळतो आणि मंद वाऱ्यात स्वतःचेच वजन पेलत नाही. म्हणून नुसता आकार वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

२. दुसरी वाट : ओढीची गरजच कमी करा

बैलगाडी चिखलात रुतली तर दोन उपाय असतात. आणखी बैल जुंपा, नाहीतर चाकाखाली फळी टाका. इथेही तसेच आहे. मोठा पतंग म्हणजे जादा बैल. फळीला होणारा पाण्याचा रोध कमी करणे हा दुसरा उपाय.

यासाठी हायड्रोफॉइल वापरतात. फळीखाली साधारण पाऊण मीटर लांबीचा खांब आणि त्याच्या टोकाला विमानाच्या पंखासारखे छोटे पंख असतात. वेग आला की हे पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात. रोध एकदम घटतो आणि थोड्या ओढीतही माणूस पळू लागतो. शिवाय वेगामुळे पतंगाला लागणारा वाराही वाढतो. सायकल चालवताना तोंडावर वारा लागतो ना, तसाच.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तो याच स्वरूपात : खाली हायड्रोफॉइल, वर वजनाला हलका कप्प्यांचा पतंग. शर्यती मार्से येथे झाल्या. तरीही वारा फारच पडल्याने काही शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणजे सर्वांत भारी सामानालाही मर्यादा असतेच.

३. आता खर्च मांडू

खालचे आकडे युरोपातील दुकानांतल्या नव्या सामानाचे ढोबळ अंदाज आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून १ युरो = १०० रुपये धरू. भारतात आणायचे तर वाहतूक आणि आयातीचे कर वेगळे. माणसाचे वजन ७५ किलो मानू.

साधा संच :
- हवा भरायचा १२ चौ.मी. पतंग : १,५०,०००
- दांडी व दोऱ्या : ५०,०००
- साधी फळी : ६०,०००
- हार्नेस : २०,०००
- एकूण : २,८०,००० रुपये

हा संच साधारण १४ नॉटपासून चालतो. आता १० नॉटमध्येही खेळायचे आहे. वाढीव खर्च पाहा :
- वाट पहिली : १७ चौ.मी. पतंग (१,७०,०००) आणि मोठी रुंद फळी (७०,०००) = २,४०,०००
- वाट दुसरी : पतंग तोच, फक्त हायड्रोफॉइल आणि त्याची फळी = १,४०,०००

म्हणजे चाकाखाली फळी टाकणे एक लाखाने स्वस्त पडले! पण १० वरून ७-८ नॉटवर उतरायचे असेल, तर हायड्रोफॉइलच्या जोडीला कप्प्यांचा मोठा पतंग लागतो. त्याचे आणखी सव्वादोन लाख धरा. पहिले चार नॉट १ लाख ४० हजारांत मिळाले, पुढचे दोन-तीन सव्वादोन लाखांत. वारा जितका मंद, तितका प्रत्येक नॉट महाग.

४. यादीत न दिसणारा खर्च

हायड्रोफॉइलचे पंख धारदार असतात, म्हणून हेल्मेट आणि संरक्षक जाकीट हवेच. खाली खोल पाणी लागते, उथळ किनाऱ्यावर ते टेकते. शिकायलाही वेळ लागतो, तेव्हा प्रशिक्षकाची फी धरा. जुने सामान घेणार असाल तर पतंगात हवा भरून काही तास ठेवा, दोऱ्या कुठे झिजल्यात का बघा आणि आणीबाणीत पतंग सोडायची कळ ओढून पाहा. ती नीट सुटत नसेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

५. मंद वारा म्हणजे सुरक्षित वारा नव्हे

गोव्यात मोरजी-मांद्रे भागात हा खेळ चालतो, तो मुख्यतः दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांवर. भूगोलात आपण शिकलो : दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून वारे येतात. संध्याकाळी जमीन थंडावते, वारा पडतो. तेव्हा तुम्ही आत दूर असाल तर पतंग पाण्यात आणि परतीचा रस्ता पोहत.

उलट बाजूही बघा. १० नॉटसाठी घेतलेला १७ चौ.मी. पतंग हवेत आहे आणि वळवाचा ढग आला. वारा २० नॉट झाला, तर ओढ चौपट. ज्या नियमाने मोठा पतंग घ्यायला लावला, तोच नियम आता माणसाला फरफटत नेतो. म्हणून आकाश काळवंडले की पतंग उतरवायचा, वाद नाही.

लक्षात ठेवा : आधी प्रशिक्षण, मग सुरक्षेचे सामान, मग साधा संच आणि शेवटी मंद वाऱ्याचे सामान. आपल्या किनाऱ्यावर वर्षातून किती दिवस किती नॉट वारा असतो, ते महिनाभर तरी वहीत टिपा. ती वही पाहूनच पैसे काढा.

स्वाध्याय
१) १८ नॉट वाऱ्यात ९ चौ.मी. पतंग पुरतो. १२ नॉटमध्ये तेवढ्याच ओढीसाठी किती क्षेत्रफळ लागेल? (उत्तर : २०.२५ चौ.मी.)
२) दुसऱ्या वाटेने १० नॉटपर्यंत येण्याचा एकूण खर्च काढा. (उत्तर : ४,२०,००० रुपये)
३) कारणे द्या : मंद वाऱ्यासाठीचा मोठा पतंग वारा वाढल्यावर धोकादायक ठरतो.